सोलापूरची एक बाई

३ नोव्हेंबर १९७८, शुक्रवार

उद्या पुण्यात बोलायचे आहे. विषय : आणीबाणीनंतरचा कामगार. मुद्दे काढायला बसलो, पण घरात सूत गुंडाळायचा रहाट सुरू. बायकोला, सारजाला, सुताने भरलेल्या कांड्या सकाळी मागावर पोचवायच्या आहेत, म्हणून ती दुपारपासून जागची उठलेली नाही. रहाटाचा एक आरा मोडला होता, तो तुरुंगात जाण्याआधी मीच तारेने बांधून दिला. तेव्हापासून दर फेऱ्याला ती गाठ खालच्या फळीला लागते. कर्र, खट. कर्र, खट. आणि त्यावर हिचे गुणगुणणे.

"अगं, मी इथे देशाचा विचार करतोय!" मी ओरडलो.

"करा की. मी काय देशाला आडवी आले व्हय?"

वह्या उचलून युनियनच्या कचेरीत गेलो. तिथे रस्त्यावर ट्रक होते. पण ट्रक समोर बसून गुणगुणत नाही.

४ नोव्हेंबर, शनिवार. पुणे

भाषण उत्तम झाले. आवाज शेवटपर्यंत टिकला.

मुक्काम श्रीमंतकडे. येरवड्यात आम्ही एकाच बराकीत होतो, एका ताटात जेवलो. तेव्हा हा म्हणायचा, सुटलो की खेड्यात जाऊन राहणार. आता याच्या दिवाणखान्यात टेलिव्हिजन आहे, लाकडी कपाटातला, दारे लावता येणारा. "सासऱ्यांनी दिला," म्हणाला. लक्षात ठेवले.

संध्याकाळी त्याच्या बायकोने तो लावला. तरुणांसाठी कसलासा कार्यक्रम होता. मुंबईची चार पोरे. खांद्यापर्यंत केस, पायघोळ पाटलोणी, गळ्यात गिटारी. रॉक बँड म्हणतात याला. मी उठणारच होतो. ज्या देशात तिसऱ्या पाळीच्या माणसाला गरम भाकरी मिळत नाही, तिथे विजेवर चालणारी गिटार कोणाच्या पैशाने येते हा साधा प्रश्न आहे.

तेवढ्यात एका बाईचा आवाज आला. पडद्यावर बाई कुठेच नव्हती. चार पोरे खाली मान घालून उभी, आणि आवाज मात्र बाईचा. आमच्याकडचा, उन्हाने तापलेला.

सुताची गं कांडी, भरते मी रोज
कुणापाशी सांगू, मनातलं गुज

मग ढोल पडले. अंगात शिरणारे ढोल. खाली कसले तरी वाद्य एकसारखे करकरत होते आणि ठराविक जागी ठोका देत होते. बहुधा परदेशी असावे. ढोलांच्या वरून पुन्हा ती :

माझा सखा बोलतो, माणसं हजार
माझ्यासंगं बोलाया, न्हाय त्याला वार

मी उठलो नाही. डोळे पुसावे लागले. पुण्यात तिखट कमी खातात, तेव्हा ते तिखट नव्हे. पण जे गाणे माणसाला असे खुर्चीत दाबून बसवते त्याच्यापासून अधिक सावध राहायला हवे.

वेळ संपली म्हणून गाणे मध्येच तोडून निवेदिकेने सांगितले : बँडचे नाव ब्लॅक कॉटन, गाणे त्यांच्या 'थर्ड शिफ्ट' या नव्या लाँग प्ले तबकडीतले. चारही पोरांची नावे घेतली. बाईचे घेतले नाही.

का घेतले नाही?

६ नोव्हेंबर, सोमवार

परतीच्या गाडीत दुसरे काही सुचले नाही. हा सगळा जुना खेळ आहे. साहेबाने आपला कापूस नेला आणि कापड आपल्यालाच विकले. मूर्ती नेल्या, पोथ्या नेल्या. आता राहिले होते ते बाईमाणसाचे गुज. तेही नेले, आणि तबकडी करून दुकानात लावले. या पोरांच्या मागे कोण आहे हे शोधलेच पाहिजे. तिसऱ्या पाळीबद्दल यांना काय माहीत? मी अकरा वर्षे तिसरी पाळी केली आहे.

सात रस्त्याला मल्लप्पाकडे गेलो. लग्नाला आणि सभेला लाउडस्पीकर भाड्याने देतो, रेकॉर्डही विकतो. माझ्या प्रत्येक सभेचा कर्णा त्याचाच. "मागवतो की, आण्णा," म्हणाला. "पर तुमी आनि इंग्लिश बँड? तब्बेत बरी हाय न्हवं?"

घरी आल्यावर सारजाला सगळे सांगितले. त्या ओव्याही म्हणून दाखवल्या. रहाट थांबला.

"काय झालं?"

"सूत तुटलं." सूत जोडता जोडता म्हणाली, "असं न्हाय म्हणत ते."

"मग कसं म्हणतात?"

"मला काय ठावं? पर भाषणावानी नसंल."

१४ नोव्हेंबर, मंगळवार

तबकडी आली. वेष्टनावर गिरणीचे धुराडे आणि त्याच्यापुढे ही चार पोरे, मालकाच्या मुलांसारखी उभी. मागे सगळा इंग्रजी मजकूर. कोणत्या स्टुडिओत, कोणत्या यंत्रावर, चहा कोणी आणून दिला, त्याचेसुद्धा आभार. आणि अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत : आवाज, सोलापूरची एक बाई.

सोलापूरची! माझ्या शहरातून, माझ्या नाकाखालून नेले.

मल्लप्पाने तबकडी लावली. त्याच दोन ओव्या, तेच ढोल, तेच करकरणारे वाद्य. मग आवाज एकटा पडला, बाईने श्वास घेतला, आणि मल्लप्पाने सुई उचलली.

"का रे?"

"पुढं घासलंय, आण्णा."

"नवी कोरी तबकडी घासलेली?"

"बंबैचा माल. भरवसा न्हाई की हो."

माझ्या नजरेला नजर देत नव्हता. पुन्हा लावायला लावली. पुन्हा त्याच जागी उचलली. घरी वाजवायला यंत्र नाही, म्हणून तबकडी त्याच्याकडेच ठेवली. चूक केली की काय?

१६ नोव्हेंबर, गुरुवार

ठरले. रविवारी सव्वीस तारखेला आमच्याच चौकात सभा. तबकडी आधी सर्वांना ऐकवायची, मग जाळायची. स्वदेशीच्या चळवळीत कापडाची होळी झाली, त्याच परंपरेने. हँडबिलाचा मथळा : 'आमचे गाणे चोरणारा परदेशी हात'.

संध्याकाळी भाषणाचा एक भाग घरी म्हणून पाहिला. "ही बाई म्हणते, माझा सखा हजारांशी बोलतो, पण माझ्याशी बोलायला त्याच्याकडे एक वार नाही. कोण आहे हा नवरा? कोण हा ढोंगी, जो बाहेर समतेच्या गप्पा मारतो आणि घरात बायकोला मुकी ठेवतो? मी त्याला या चौकात उभा करीन! त्याला जाब विचारीन!"

सारजा कांड्या टोपलीत रचत होती. "लई कडक झालं," म्हणाली. "त्या बिचाऱ्यानं काय केलंय तुमचं?"

"बिचारा?"

"असंल की कामात."

बायकाच अशा नवऱ्यांना पाठीशी घालतात. हाही मुद्दा भाषणात घेतला.

१८ नोव्हेंबर, शनिवार

ती बाई शोधायची म्हणून सकाळी गल्लीगल्लीने फिरलो. ओट्यावर बसून सूत गुंडाळणाऱ्या, कांड्या भरणाऱ्या प्रत्येकीला विचारले. मी विचारले की बायका एकमेकींकडे पाहतात आणि सूत शोधू लागतात. एका पद्मशाली म्हातारीने तेलुगूत काहीतरी म्हटले, सगळ्या हसल्या, आणि कोणी मला अर्थ सांगेना.

शेवटी शेजारच्या रंभाबाईला गाठले. सासू म्हणावी एवढी मोठी बाई, तिच्यासमोर तरी कोणी खोटे बोलत नाही.

"सापडंल की, आण्णा," पदर तोंडाला लावून म्हणाली. "लई लांब जायाला नगं."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"मला म्हातारीला काय म्हाईत? तवा ती पोरगी आलती मुंबैची, पेटी घिऊन. आवाज धरायची पेटी. तुमी येरवड्याला हुता बगा..." मग एकदम तव्यावर भाकरी आहे म्हणून आत गेली. चुलीला धूर नव्हता.

मी आत असताना. टेपरेकॉर्डर घेऊन आलेली अनोळखी मुलगी. आमच्या चाळीत.

मला नातेपुत्याला सासुरवाडीत लपलेला असताना कोणी पकडून दिले हे अजून कळलेले नाही. पोलिसांनी घरावर पाळत ठेवली होती हे नक्की. मग ही मुलगी गाण्यांसाठी आली होती असे कोणी मला सांगू नये. गाणी हे निमित्त. सरकारे अशीच चालतात. जगभरचे तुरुंगवासाचे अनुभव मी वाचले आहेत. आधी निरागस चेहऱ्याचा माणूस येतो, मग जीप येते.

प्रश्न एवढाच, ती आमच्या चाळीत कोणाच्या घरात बसली?

२१ नोव्हेंबर, मंगळवार

आजचे आजच लिहून ठेवतो.

सात रस्त्यावरून सायकलने येत होतो. मल्लप्पाच्या दुकानातून सारजा बाहेर पडली, बरोबर रंभाबाई. सारजाच्या डोळ्यांना पदर. मी झाडाआड थांबलो. दोघी हळूहळू चालत गेल्या. नंतर दुकानात गेलो. मल्लप्पा रेकॉर्ड पुसत होता. माझीच.

"कोण आले होते?"

"गिऱ्हाईक."

"काय घेतले?"

"ऐकून गेले." मग फडके ठेवून म्हणाला, "आण्णा, तुमी लई वाचलंय. मी चवथी नापास. पर एक सांगू? ही जाळू नगा."

मल्लप्पाने आजवर माझ्या कोणत्याही सभेत लुडबुड केलेली नाही. त्याला कोणी फितवले?

घरी विचारले, "कुठे गेली होतीस?"

"सुतळी आनाया."

"मल्लप्पाकडे सुतळी मिळते?"

तिने रहाटाला नवी कांडी लावली. मी थेट विचारले. "मी आत असताना पेटीवाली मुलगी आपल्या घरी आली होती का?"

"व्हय."

एवढे सरळ! "कोणी पाठवली होती?"

"कुणी न्हाय. कालिजात शिकत हुती. बायकांची गानी गोळा करायची."

"आणि तू घरात घेतलीस? नवरा तुरुंगात, दारात पोलीस, आणि तू परक्या मुलीला घरात घेतलीस? काय काय विचारले तिने? काय केले तिने इथे?"

"दोन दिस बसली. ऐकलं. दुसरं कायबी केलं न्हाय."

ऐकले! हेराचे दुसरे काम काय असते? मी तिला हे समजावून सांगितले. बराच वेळ बोललो असणार, कारण शेजारी जमले. सारजाने कांड्यांची टोपली उचलली आणि बाहेर गेली.

पंचवीस वर्षांचा संसार. माणसाला शेवटी घरातूनच वेढा पडतो.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

तीन दिवस कचेरीत झोपतो आहे. हँडबिले वाटून झाली. करमाळ्याहून बाजार समितीच्या हमालांचा जथा येतो म्हणाला. विडी कामगार बायका येणार. एवढी मोठी सभा सुटल्यापासून झालेली नाही.

दुपारी सारजा डबा घेऊन कचेरीत आली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिथे पाऊल टाकले. भिंतीवरच्या तसबिरी बघितल्या, बाकावर बसली नाही.

"जाळू नका ती."

"का?"

"कुणीतरी जीव लावून म्हनलंय."

"तुला कशी माहिती कोणी म्हटले?"

बाहेर दोन कार्यकर्ते उभे होते. त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "हितं न्हाय सांगायचं. घरी या."

घरी या! शत्रूही वाटाघाटीला असेच बोलावतो. मी सांगून टाकले : "जे सांगायचे ते रविवारी चौकात होईल. पोलिसांच्या त्या मुलीला आसरा कोणी दिला हे मी व्यासपीठावरून सांगणार आहे. घर माझे आहे म्हणून झाकणार नाही. माझ्यासाठी आपपरभाव नाही."

तिने डबा बाकावर ठेवला. मला वाटले रडेल. रडली नाही. "डबा धुऊन आना," म्हणाली, आणि गेली.

डब्यात शेंगाची पोळी होती. तिला राग आलेला असताना ती शेंगाची पोळी करत नाही. हे कसले डावपेच आहेत ते समजत नाही. खाल्ली.

२६ नोव्हेंबर, रविवार

सभा झाली.

भाषण झाले नाही.

२७ नोव्हेंबर, सोमवार

काल काय झाले ते क्रमाने लिहिले पाहिजे. आणीबाणीत शिकलो ते हेच, की क्रमाने लिहिले की गोंधळ कमी होतो.

चौक भरला होता. ओट्यांवर, गच्च्यांवर माणसे. पुढे बायका. रंभाबाई पहिल्या रांगेत, तिच्याशेजारी सारजा. ती आली याचे मला आश्चर्य वाटले, आणि खरे तर बरे वाटले. समोर बसलेल्याला नावाने बोलणे सोपे जाते. टेबलावर रॉकेलचा डबा, काडेपेटी, पत्र्याचे घमेले. बाजूला मल्लप्पाचे यंत्र.

प्रस्तावना केली. कापूस, मूर्ती, पोथ्या. टाळ्या पडल्या. मग म्हणालो, "आता ऐका त्या अभागी बहिणीला, जिचा नवरा या शहरात कुठेतरी तोंड लपवून बसला आहे!" आणि मल्लप्पाला खूण केली.

मल्लप्पा सुई टेकवण्याआधी माझ्या कानाशी वाकला. "आण्णा, आज मी सुई उचलणार न्हाई."

कर्ण्यातून आवाज सुटला. मोठा, चौकभर. सुताची गं कांडी. ढोल. हमालांनी माना डोलावल्या. माणसं हजार. बायकांत खसखस पिकली. माझा सखा बोलतो म्हटले की मागची रांग माझ्याकडे बोट दाखवून हसत होती. मला वाटले माझ्या वक्तृत्वाला दाद आहे. मी हात जोडले. ते पाहून तर चौक फुटायचा राहिला.

मग ती जागा आली. ढोल थांबले. बाईने श्वास घेतला. सुई उचलली गेली नाही. ढोल नसल्यामुळे खालचे ते वाद्य पहिल्यांदा एकटे ऐकू आले.

कर्र, खट. कर्र, खट.

ती गाठ मी बांधली होती. पक्कडीने तार पिळताना माझे बोट कापले होते.

येरवड्याच्या भिंती, पलीकडं राजा
रहाटाच्या बोलात, निरोप गं माझा
सभा झाली मुकी, चौक झाला सुना
घरी येऊन राजा, रागं भर पुन्हा

आता कोणी हसत नव्हते. रंभाबाई डोळे पुसत होती. सारजा खाली पाहत होती, जशी सभेत बसलेली कोणतीही बाई खाली पाहते. तबकडी संपली. सुई आतल्या कड्यात घरघरत राहिली, ती मल्लप्पाने कर्ण्यातून तशीच चालू ठेवली.

माझ्यासमोर माइक होता. तीस वर्षांत माझ्यासमोर माइक असताना मला शब्द मिळाला नाही असे झालेले नाही. मागून हमालांतला एकजण ओरडला, "आण्णा, त्या नवऱ्याला उभा करनार हुता न्हवं?"

मी म्हणालो, "उभाच आहे."

मग खाली बसलो. लोक बराच वेळ थांबले, आणि मग उठून गेले.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

रविवार रात्रीपासून घरीच आहे. कचेरीतला बिछाना आणला.

काल दिवसभर विचारले तेवढेच सारजाने सांगितले. मुलगी कॉलेजची होती. ब्लॅक कॉटनमधला ढोलवाला तिचा भाऊ, म्हणून ती टेप तिकडे गेली. जाण्याआधी त्या मुलीने टेपवर लिहायला, पुढे कुठे छापायला, नाव विचारले होते.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी आत हुता. माजं नाव छापून आलं, त्यात येरवडा आला, आन त्यांनी तुमाला तितं तरास दिला, मग?"

म्हणजे ते नाव कोणी चोरले नव्हते. माझ्यासाठी लपवले होते. एवढे दिवस ज्या जागी मी हेर बघत होतो तिथे ही पाळत ठेवून बसली होती, माझ्यावर काही येऊ नये म्हणून.

मला कोणी पकडून दिले हा प्रश्न आज अजून आठवला नव्हता. आत्ता लिहिताना आठवला.

सकाळी पक्कड घेऊन रहाटापाशी बसलो. म्हटले तार काढून नवा आरा बसवतो, आवाज जाईल. तिने रहाट आपल्याकडे ओढून घेतला.

"र्‍हाऊ द्या. त्याच्याबिगर सूर लागत न्हाय."

मी पक्कड ठेवली. दोन दिवस मी घरात असा वावरतो आहे, जसा पाहुणा वावरतो. तिने कांडी लावली, सूत ओढले, माझ्याकडे न बघता विचारले :

"दोन दिस झालं, रागं भरला न्हाय. बरं न्हाय का वाटत?"

मी चहाचा पेला उचलला, एक घोट घेतला, आणि सभेच्या आवाजात गरजलो, "किती साखर घालतेस गं! देशात साखरेचा भाव काय झालाय!"

ती हसली. पदर तोंडाला लावायचा राहून गेला. शेजारून रंभाबाईने भिंतीवर थाप मारली.

रहाट फिरू लागला. कर्र, खट. ती गुणगुणते आहे. नवी ओवी दिसते, मी अजून ऐकलेली नाही. वही मिटतो.